न चाखलेली कोंबडी

नुकतीच मारलेली कोंबडी कोमट असते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. नाचियारकोविलच्या रस्त्याला, गावाबाहेर पडता पडता एक टपरी आहे. तिथल्या माणसाने काळी पिशवी माझ्या हातात दिली आणि पिशवीचा तळ माझ्या तळहाताला लागला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाइतका ऊन. शी! मी ती पिशवी दोन बोटांत धरली, हात अंगापासून जेवढा लांब जाईल तेवढा लांब केला आणि तशीच कडेकडेने चालत सुटले. रिक्षावाला विचारायला थांबला, त्याला नको म्हटलं. त्या पिशवीबरोबर बंद जागेत बसायची माझी तयारी नव्हती.

टपरीवरचा तो माणूस मला बघून आधी गोंधळलाच. मामी, पत्ता विचारायचाय का, म्हणाला. कोंबडी पाहिजे म्हटल्यावर त्याने माझ्या कपाळाकडे, साडीकडे, पुन्हा कपाळाकडे बघितलं. मग कातडी ठेवायची की काढायची असा प्रश्न आला. असा काही प्रश्न जगात असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी घरी भावाला फोन लावला. त्याने सांगितलं, ठेवायची, हाडासकट, मोठे तुकडे. तसं त्या माणसाला सांगून मी पाठ फिरवली आणि समोरच्या भाताच्या खाचरांकडे बघत उभी राहिले. डोळे फिरवता येतात. कानांचं काय करणार? पिंजऱ्यातली फडफड, मग पिंपातली फडफड, मग पिंप गप्प, मग लाकडावर सुरी. आणि या सगळ्यावर तो वास. ओली पिसं, रक्त आणि विष्ठा, उन्हात शिजलेली. घरी येईपर्यंत तो माझ्या नाकातून गेला नाही. खरं तर चार दिवस गेला नाही.

आम्ही कोण ते सांगायला हवं, नाहीतर एवढा कांगावा कशाला असं वाटेल. तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं तेव्हा इकडे आलेल्या देशस्थ ब्राह्मणांपैकी आम्ही. कुंभकोणमला किती पिढ्या झाल्या कुणी मोजलेल्या नाहीत. दारात पाऊल टाकलं की तमिळ, दाराच्या आत मराठी, आणि तीही अशी की पुण्याहून आलेले पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसतात. भाषा निम्मी गेली, चालीरीती गेल्या, पण सोवळं गेलं नाही. माझी आई कांदासुद्धा वेगळ्या शेगडीवर करायची आणि मग ती शेगडी अंगणात न्यायची. मी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आईवडिलांच्या मागे त्याच घरात राहिले आणि आईचा सगळा शिरस्ता तसाच चालवला. कुणी बघायला नसताना चालवला. त्यात काय मोठेपणा ते आता मला विचारू नका.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तेविसाव्या वर्षी बोटीवर गेला, इंजिनखान्यात, आणि इटलीत जिनोआ नावाच्या बंदरात कायमचा राहिला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं. वडील त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, तेही असं की तो रजेवर आला की ओसरीत जेवायचा, आपलं ताट आपण घासायचा आणि विहिरीच्या कट्ट्यावर पालथं घालायचा. मी काही बोलले का? छे. ते ताट कुठे पालथं घालायचं ती जागा मीच त्याला दाखवली होती. त्याची बायको एकदाच आली, आठ दिवस. तिचंही ताट तिथेच.

ती तीन वर्षांपूर्वी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, त्यानंतर चार महिने पोटात नळी घालून तिला जगवलं, आणि मग गेली. मुलंबाळं नव्हती. भाऊ दीड वर्ष तिथे एकटा राहिला आणि मग दोन सुटकेसी घेऊन इकडे आला. कुणाशी तरी घरातलं बोलावंसं वाटतं अक्का, एवढंच कारण त्याने दिलं. मी त्याला वडिलांची खोली दिली. सहा महिन्यांत घशाचं निघालं. तंजावरच्या इस्पितळात पस्तीस वेळा किरणं घेतली. रोग गेला असं डॉक्टर म्हणतात. पण किरणांनी रोगाबरोबर बाकीचंही भाजून काढलं. चव गेली. थुंकी आटली. तोंडातले फोड बरे झाले, पण आतली कातडी अशी कोवळी राहिली की मिरीचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी.

जेवण म्हणजे भांडण झालं. पेज, दहीभात, दुधात कालवलेली इडली, मऊ खिचडी, उकडलेलं केळं. तो घास तोंडात घ्यायचा, घोळवायचा, आणि शहाण्या मुलासारखा वाटी बाजूला ठेवायचा. वर्तमानपत्र चावल्यासारखं लागतं म्हणायचा. कुठल्याही पदार्थाला तेच. डॉक्टरांनी वजन केलं तर चव्वेचाळीस किलो. पंधरा दिवसांनी पुन्हा काट्यावर उभं करतो म्हणाले, यातून जरा जरी उतरलं तर पोटाला नळी. बाहेर आल्यावर व्हरांड्यात, औषधांच्या रांगेत उभं असताना तो मला घरातल्या भाषेत म्हणाला, "नळी नक्को, अक्का. ती मी बघितली आहे. तशी वेळ आली तर मी घरी येऊन झोपतो, तू काही करू नकोस." काही करू नकोस म्हणजे काय ते मला कळलं. रांगेतल्या कुणाला कळलं नाही.

तर पंधरा दिवस होते. मी त्याला रागानेच विचारलं की मग खाशील तरी काय, ते एकदाचं सांग. तो म्हणाला, तिची कोंबडी. काच्चातोरा. म्हणजे शिकाऱ्यांची. त्यांच्याकडे रानात गेलेले शिकारी असेल ते भांड्यात टाकून मंद आगीवर रटरट शिजवतात, त्यावरून नाव. टोमॅटो, कांदा, गाजर, रोझमेरी नावाचा वाळका पाला, ऑलिव्ह. तिखटाचा लवलेश नाही. दर रविवारी त्याची बायको ती करायची आणि घर दुपारभर त्या वासाने भरलेलं असायचं. चव लागणार नाही हे मला ठाऊक आहे, तो म्हणाला, पण हात आणि जीभ ते ओळखतील, कदाचित गिळतील.

कोंबडी, आणि आमच्या घरात! पण डॉक्टरही अंडी, कोंबडी असं काही पोटात जाऊ दे म्हणाले होते. आधी मी पळवाट काढली. कामाच्या बाईला सांगितलं की तुझ्या घरी करून आण. तिने बिचारीने जीव लावून केलं, पण तिला कोंबडी म्हणजे मिरी आणि मिरची, त्याशिवाय कोंबडी कशी होते तिला कळेना. एका चमच्यात भाऊ विहिरीकडे पळाला. दुसऱ्या दिवशी बाई चोळपुरमला गावदेवीच्या उत्सवाला गेली, दहा दिवसांसाठी. काट्यावर उभं राहायला नऊ दिवस उरले होते. राहिले कोण? मी.

स्वयंपाकघरात तर शक्यच नव्हतं. मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडाजवळ जुनी एकबर्नरी शेगडी मांडली. बाजारातून ॲल्युमिनियमचं पातेलं, पळी, सुरी, चिरायची फळी सगळं नवं आणलं, पुढे फेकून द्यायच्या बोलीवर. भाऊ खुर्ची टाकून दारात बसला. त्याचा आवाज आता घोगरा झालाय, कापड फाडल्यासारखा, तरी तो सांगत होता आणि मी करत होते.

पिशवी परातीत उपडी केली. अहो, काय सांगू. कातडीवर पिसं उपटल्याच्या जागी पुटकुळ्या. माझ्या दंडावर थंडीत येतात तशाच. तेच मला सगळ्यात किळसवाणं वाटलं, की ती माझ्यासारखी दिसते. मांडीच्या आत पिवळी चरबी, मऊ, बोटाला चिकटणारी. एका तुकड्याला निळी शीर. तळाशी एक गडद लाल गुळगुळीत गोळा, तो हाताखालून सटकला आणि माझ्या पायावर पडला. मी पाय झटकला, तो गोळा तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेला. भाऊ म्हणाला, ते काळीज आहे, चांगलं असतं, धुऊन टाक. मी ते चिमट्याने उचललं आणि भिंतीपलीकडे भिरकावलं. मग हळद चोळून धुतलं. अकरा पाण्यांनी धुतलं. सातव्या पाण्यानंतर तो म्हणाला की आता त्यात काही उरणार नाही, पण मी ऐकलं नाही. पाणी अकराव्यांदाही गुलाबीच होतं.

त्याच्या सुटकेसमध्ये तिच्या स्वयंपाकघरातल्या चार गोष्टी होत्या. ऑलिव्हच्या तेलाचा डबा, काळ्या ऑलिव्हची बरणी, केपर नावाच्या हिरव्या कळ्यांची चिमुकली बरणी आणि तो वाळका पाला. तांबडी दारूही घालतात म्हणे. दारूला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती, देवच पावला, नाहीतर मी दारूच्या सरकारी दुकानाच्या रांगेत उभी राहिले असते आणि माझ्या शिकवलेल्या मुलींचे नवरे मला तिथे भेटले असते.

तेल तापवून तुकडे आधी लालसर परतायचे. कातडी तेलात पडली की आधी चरचरते आणि मग ती चरबी वितळायला लागते. तो वास! केस जळल्याचा, त्यात काहीतरी गोडसर. मला दोनदा उठून विहिरीकडे जावं लागलं. तिसऱ्यांदा मी जुन्या पातळाचा तुकडा घेतला, त्यात कापूर बांधला आणि नाकातोंडावरून घट्ट गाठ मारली. शेजारच्या भिंतीवर वास जाऊ नये म्हणून दोन ठिकाणी धूप पेटवला. आमच्या गल्लीत आजवर कुणी हे शिजवलेलं नाही. धुराने भाऊ खोकायला लागला, तेवढ्यात पलीकडच्या मामींनी भिंतीवरून डोकं काढून आज कसली पूजा म्हणून विचारलं. झुरळं झालीत म्हटलं. तोंडाला बांधलेलं फडकं बघून त्यांना ते पटलं.

तुकडे काढले, त्याच तेलात कांदा, गाजर, लसूण. मग टोमॅटो, पाला, ऑलिव्ह, कळ्या, तुकडे परत आत, झाकण किलकिलं ठेवून तासभर मंद. आणि मीठ.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्यात स्वयंपाक करताना चव बघत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं. त्यामुळे मी उभ्या जन्मात शिजत्या भांड्यातलं थेंबभर तळहातावर घेतलेलं नाही. मीठ हाताच्या अंदाजाने, आणि मग वासावर. उकळीला मीठ बरोबर असलं की वास मिळून येतो, कमी असलं की कच्चट राहतो. हे आईने शिकवलं आणि पन्नास वर्षांत माझं मीठ एकदाही चुकलं नाही. त्याचा मला केवढा गर्व! या भांड्यातलं तर देवाला जायचंच नव्हतं. चाखायला कुणी मना केलं होतं? पण हात तोंडाकडे न्यायचा विचारसुद्धा मनात आला नाही. एवढ्या टोमॅटोला एवढं असं मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. नाकावर कापूर बांधलेला होता हे लक्षात राहिलं नाही. त्या दोन्ही बरण्यांतलं सामान मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. त्याला माहीत होतं, पण अक्काला मिठाचं काय सांगायचं म्हणून तो गप्प बसला.

त्या दुपारी त्याने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती रिकामीच उभी होती. मी वाडगा समोर ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिले, कारण त्या तांबड्या रसावर तेलाचे डोळे तरंगत होते आणि एक हाड वर आलं होतं. चमच्याचा आवाज आला. एकदा, दुसऱ्यांदा. मग नाही. मी वळले तर त्याने डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. तिसरा चमचा अर्धा भरलेला तसाच हातात. तो त्याने सावकाश वाडग्यात ठेवला, पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली.

"भाजतंय," तो म्हणाला. "तिचं हेसुद्धा भाजतंय. माझं तोंडच गेलं, अक्का. आता राहू दे."

चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला. उठला, शर्ट काढून त्याची घडी घातली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोड्या वेळाने त्याने पडल्या पडल्याच सांगितलं की बुधवारी वजनासाठी तंजावरला जायची गरज नाही, गाडी सांगू नकोस.

मी वाडगा उचलून मागच्या अंगणात गेले. खरं सांगते, पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटका. झालं, केलं होतं, आता पातेलं फेकू आणि न्हाऊ. ते उष्टं गटारात ओतायला वाकले आणि थांबले. चौतीस वर्षं पोरींना एकच गोष्ट घोकून सांगितली होती, की उत्तर चुकलं तर पुस्तकाला शिव्या देऊ नका, आधी आपली रीत तपासा. भाऊ म्हणतो त्याचं तोंड गेलं. गेलं असेलही. पण तपासलं कुणी? त्याच्या जिभेला खारट, गोड काही कळत नाही, त्याला फक्त भाजलेलं कळतं. घरात चालू असलेली जीभ एकच होती.

मी नाकावरचं फडकं सोडलं. वास एकदम आत आला. पहिल्यांदा फक्त बोट बुडवलं, पण बोट तोंडापाशी जाऊन परत आलं. तीनदा आलं. मग मला स्वतःचीच चीड आली. आत तो माणूस भिंतीकडे तोंड करून मरायला पडलाय आणि ही बया बोट घेऊन उभी आहे! त्याने अर्धा सोडलेला चमचा तसाच वाडग्यात होता, कोंबडीच्या एका धाग्यासकट. तो उचलला आणि तोंडात घातला.

मीठ! नुसतं मीठ. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं. आणि त्या मिठाच्या मागे तो धागा, दातांत रेशासारखा अडकलेला, ओला, तेलकट. मी विहिरीच्या कट्ट्याला धरून ओकले. सकाळची कॉफीसुद्धा आत राहिली नाही. ओकताना मनात एकच होतं, की एवढं मीठ माझ्या धडधाकट तोंडालाही झोंबलं. त्याच्या कोवळ्या कातडीचं काय झालं असेल. आणि तो समजला की तोंड आपलं गेलं.

चूळ भरून, तशाच ओल्या पदराने आत गेले. त्याला उठवलं. म्हटलं, तोंड तुझं ठीक आहे, मीठ माझं चुकलं. तो वळला नाही. समजूत घालू नकोस म्हणाला, तुझं मीठ कधी चुकत नाही, आईपासून ऐकतोय. मग मला सांगावं लागलं.

"मी चाखलं."

तेव्हा तो वळला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पदराकडे, डोळ्यांकडे. उठून बसला. काय चाखलंस, रस का कोंबडी, असं त्याने विचारलं. दोन्ही, म्हटलं, आणि ओकले. त्यावर त्याचा चेहरा असा झाला की तो हसतो की रडतो मला कळेना. शेवटी म्हणाला, उद्या ऑलिव्ह रात्रभर पाण्यात घालून मग टाक, आणि मीठ अजिबात नको.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या टपरीवर गेले. त्या माणसाने काही न विचारता मोठे तुकडे केले. घरी पुन्हा त्या पुटकुळ्या, ती चरबी, तो केस जळल्याचा वास. सवयीने किळस कमी होते म्हणतात ते मला तरी लागू पडलं नाही. उलट आता ते तोंडात कसं लागतं हे ठाऊक होतं. कापूर बांधता येईना, कारण नाक हवं होतं. आणि दर दहा मिनिटांनी चमच्याच्या टोकावर रस घेऊन चाखत होते. टोमॅटो आंबट लागला म्हणून गुळाचा खडा टाकला, पुन्हा चाखलं. गाजर मऊ झालं का म्हणून चाखलं. मोजून आठ वेळा. दर वेळी चूळ भरत होते आणि दर वेळी आईची आठवण येत होती, आणि दर वेळी आधी तिची माफी मागत होते. पाचव्या वेळेनंतर माफी मागायची राहून गेली.

बुधवारचं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. काटा चव्वेचाळीसवरून अर्ध्या किलोने वर गेला होता. अर्धाच, पण वर. नळीचा विषय डॉक्टरांनी काढला नाही, आम्ही तर नाहीच. कोंबडी त्या नऊ दिवसांत चार वेळा झाली आणि अजूनही आठवड्यातून एकदा होते. पातेलं फेकलेलं नाही.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते त्या दुसऱ्या दिवसाच्या दुपारचं आहे, आणि ते मी इतका वेळ टाळत होते.

वाडगा पुढे ठेवल्यावर त्याने चमचा उचलला नाही. मला समोर बसायला सांगितलं. म्हणाला, मला काही लागणार नाही, तेव्हा तू खा आणि सांग, तू सांगशील ते लागतंय असं समजून मी गिळीन. मी एक वाटी घेतली. त्यात एक तुकडा, हाडाचा. चावला. कडेला चरबी होती ती दाताखाली फुटली. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळलं.

कसं आहे, त्याने विचारलं.

मी छान म्हणणार होते. जिभेवर आलाच होता तो शब्द. पण अंगात त्राण नव्हतं खोटं बोलायचं.

"घाण आहे," मी म्हटलं. "टोमॅटो चांगला आहे, त्याला गोडसर वास आहे, पाल्याचा कडू वास मागून येतो. मीठ बेताचं आहे. पण मांस घाण आहे. ओल्या दोरीसारखं. मला नाही आवडलं."

तो चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "ती आली होती तेव्हा तिने तुझ्यासाठी बटाटे केले होते, आठवतं?"

आठवतं. न आठवून सांगते कुणाला. ती आठ दिवस आली होती, सहाव्या दिवशी बाजारातून स्वतः नवं पातेलं घेऊन आली. याच अंगणात, याच दगडाजवळ बसून तिने बटाटे, श्रावणघेवडा आणि टोमॅटो यांचं काहीतरी शिजवलं. मांस नाही, अंडं नाही, कांदासुद्धा नाही, सगळं विचारून विचारून. दोन्ही हातांनी वाडगा माझ्यापुढे धरला. मी तो घेऊन मागच्या दाराने गेले आणि गायीपुढे ओतला. रिकामा वाडगा परत देताना इंग्रजीत छान झालं होतं म्हटलं, हसून.

"तिने खिडकीतून बघितलं होतं," तो म्हणाला. "मला शेवटच्या वर्षी सांगितलं, आजारी पडायच्या आधी. रागाने नाही. ती म्हणाली, तुझ्या बहिणीने एक घास चाखून तोंडावर घाण आहे म्हटलं असतं, तरी मला चाललं असतं."

एवढं सांगून त्याने चमचा बुडवला आणि जेवायला लागला. मी समोर बसून होते, तोंडात त्या तुकड्याची चव आणि हातात वाटी. माझी वाटीही मी संपवली.